'एकदम फर्स्टक्लास'च्या पुढचं उत्तर: कोल्हापुरात फौजी घरांच्या आरोग्याचा अभ्यास कसा करावा

सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, बसलेल्या रिटायर हवालदाराला "तब्येत काय म्हणते?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "एकदम फर्स्टक्लास!" आपण ते लिहून घेतो. चहा येतो. कपबश्या ठेवून वहिनी आत जातात. तासाभराने आपण निघतो, तेव्हा त्या फाटकापर्यंत सोडायला येतात आणि हळूच म्हणतात, "रात्री झोपत नाहीत ओ. उठून परड्यात फेऱ्या मारत असतात." तोवर वही पिशवीत गेलेली असते.

माझे वडील फौजेतून रिटायर झाले. पुढे समाजकार्याच्या मुलामुलींना घेऊन मी जिल्हाभर अशा घरांत फिरले. दरवर्षी दोन-चार जण येतात आणि म्हणतात, "मॅडम, सैनिकांचं आरोग्य आणि लिंगभाव असा विषय घेतलाय, सुरुवात कुठून करू?" हा लेख त्यांच्यासाठी. एमएसडब्ल्यू, समाजशास्त्र, नर्सिंग, सामुदायिक वैद्यकशास्त्र, कुठूनही आलेले असा, पहिल्या खेपेला अडचणी त्याच येतात.

आधी माणूस ठरवा, मग विषय

'सैनिक' या एका शब्दात निदान पाच वेगळी माणसं आहेत. सेवेत असलेला जवान, पेन्शनवर आलेला माजी सैनिक, त्याची बायको, वीरपत्नी आणि गणवेशातली बाई. सगळ्यांना एकाच प्रश्नावलीत कोंबू नका. पहिल्या अभ्यासासाठी एकच गट घ्या. माझा सल्ला विचाराल तर माजी सैनिक आणि त्यांच्या बायका घ्या, कारण त्यांच्यापर्यंत तुम्ही सरळ मार्गाने पोहोचू शकता.

माजी सैनिक म्हटलं की नवख्यांच्या डोळ्यांसमोर काठी टेकत चालणारे आजोबा येतात. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची नोकरी लागते. विशीच्या आत भरती झालेला पोरगा पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. म्हणजे ज्या वयात त्याचा वर्गमित्र नोकरीत स्थिरावत असतो, त्या वयात हा 'रिटायर' होऊन गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत सिक्युरिटी गार्ड म्हणून रात्रपाळीला उभा असतो. वय विचारताना वाढदिवस विचाराच, पण भरतीचं साल आणि घरी आल्याचं सालही विचारा. विश्लेषणात खरं काम तीच दोन सालं करतात.

अग्निवीरांचा वेगळा रकाना करा. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम ठेवलं जातं. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळते, मात्र योजनेच्या अटींप्रमाणे पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही नाही. गावात दोघांनाही 'फौजी'च म्हणतात. आजारी पडल्यावर मात्र दोघांच्या वाटा फुटतात.

आता लिंगभाव. विद्यार्थी त्याचा अर्थ 'बायकांचे प्रश्न' असा लावतात आणि पुरुषांच्या प्रश्नावलीतून तो भाग गाळून टाकतात. पुरुष असल्यामुळे कोणतं दुखणं सांगता येत नाही, हा लिंगभावाचाच प्रश्न आहे. नवरा वर्षातून दोन-तीन महिने घरी असल्यामुळे बाईच्या अंगावर काय काय पडतं, हाही तोच प्रश्न आहे. आणि सरकारी नियम बाईचं आयुष्य कसं आखतात, हाही. एक उदाहरण सांगते. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेला दरमहा भत्ता मिळतो. तिने पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा, पण दिराशी लग्न केलं तर चालू राहायचा. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७च्या नोव्हेंबरमध्ये काढली. वीरपत्नींच्या मुलाखती घेणार असाल तर प्रत्येकीला वैधव्य कोणत्या साली आलं ते आधी पाहा. तिच्यापुढे तेव्हा कोणते रस्ते उघडे होते, हे त्यावरून कळतं.

गणवेशातल्या बायका कोल्हापुरात थोड्या सापडतील, म्हणून त्यांच्यावर टक्केवारी काढत बसू नका, सविस्तर मुलाखती घ्या. इतिहास मात्र माहीत हवा. लष्करी परिचारिकांची परंपरा १८८८पासूनची आहे. वैद्यकीय शाखा सोडून इतर शाखांत महिला अधिकारी १९९२पासून आल्या, त्यांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०२०चा, आणि मिलिटरी पोलिसमध्ये महिला जवानांची पहिली तुकडी, एकूण ८३ जणी, मे २०२१मध्ये बंगळूरला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. आज पहाटे मैदानावर लांब उडी मारणाऱ्या, १६०० मीटर धावणाऱ्या मुलींना विचारलंत तर 'मिलिटरी पोलिस' हे उत्तर ऐकायला मिळेल. पाळी, लोह, गुडघे, घरच्यांचं 'पोरीच्या जातीला' हे पालुपद, असा भरतीपूर्व मुलींचा अभ्यास कुणीतरी करायलाच हवा. लष्कराच्या परवानगीची गरज नाही, मैदान गावातच आहे.

वाचा, पण कुठलं कुणाला लागू पडतं ते बघून

सुरुवात पुण्यापासून करा. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, तिथलं आहे आणि 'मेडिकल जर्नल आर्म्ड फोर्सेस इंडिया' हे नियतकालिक आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांचं लिखाण छापतं. जवानांचा ताण, दारू, रक्तदाब यांवरचे लेख त्यात आहेत. ते लिहिणारे बहुतेक स्वतः गणवेशातले आणि उत्तरं देणारे त्यांच्यापेक्षा कनिष्ठ, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

परदेशी अभ्यासांचा ढीग मोठा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लष्करी आरोग्य केंद्राने इराक-अफगाणिस्तानात गेलेल्यांसह सुमारे १०,००० ब्रिटिश सैनिकांची पाहणी २०१०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. त्यात पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताची, लक्षणं ४ टक्क्यांत आढळली, दारूचा घातक वापर १३ टक्क्यांत आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या तक्रारी जवळजवळ २० टक्क्यांत. हे आकडे कोल्हापूरला चिकटवायचे नाहीत. पण प्रत्येक नवा विद्यार्थी 'पीटीएसडी' शीर्षकात घालून येतो, त्याला मी हे आवर्जून दाखवते: दारू आणि नैराश्य त्याहून कितीतरी जास्त निघाले.

दुसरी गोष्ट. तिकडे सैनिक सहा-आठ महिने मोहिमेवर जातो आणि कुटुंबाकडे परततो. आपल्याकडे 'फील्ड' आणि 'पीस' अशा पोस्टिंग आलटूनपालटून येतात. फील्डला कुटुंब नेता येत नाही, पीसला क्वार्टर मिळालं तर नेता येतं, आणि पोरांची शाळा, म्हातारे आईवडील, ऊस यांमुळे अनेक जणी जातच नाहीत. म्हणून 'मोहिमेवर किती महिने होता?' या आयात प्रश्नाला अर्थ उरत नाही. त्याऐवजी विचारा: एकूण नोकरीत नवरा-बायको सलग एका छपराखाली किती वर्षं राहिले? हा एक प्रश्न मला दहा पानी प्रश्नावलीपेक्षा जास्त देऊन गेला आहे.

परवानगीचा रस्ता

सेवेत असलेल्या जवानावर अभ्यास करायचा तर तो लष्कराच्या वैद्यकीय सेवेतल्या मार्गदर्शकाबरोबर, वरून आलेल्या लेखी मंजुरीनेच होतो. टेंबलाई टेकडीजवळ टेरिटोरियल आर्मीच्या बटालियनच्या गेटवर प्रश्नावली घेऊन उभं राहायचं नाही. सुट्टीवर आलेल्या ओळखीच्या जवानाला गुपचूप गाठायचं हेही नाही. आर्मी रूल्स १९५४मधला नियम २१ सैनिकाला परवानगीशिवाय सेवेविषयी प्रसिद्धीसाठी माहिती द्यायला मनाई करतो. शेवटी अंगाशी येतं ते त्याच्या, तुमच्या नव्हे.

माजी सैनिक आणि कुटुंबं यांच्यासाठी दोन दारं आहेत. पहिलं तुमच्या संस्थेची नीतिसमिती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज करा. वरिष्ठांच्या दबावाला बळी पडू शकणाऱ्या व्यक्तींबद्दल त्यांत काय म्हटलंय ते नीट बघा, कारण रिटायर झाल्यावरही हुद्दा सुटत नाही. तुमच्या संस्थेत आरोग्यविषयक अभ्यास तपासणारी समिती नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होण्याची विनंती करा. वेळ धरा. समितीची बैठक दर आठवड्याला होत नसते.

दुसरं दार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं. पत्र, मार्गदर्शकांची सही, नीतिसमितीची मंजुरी आणि प्रश्नावलीची प्रत घेऊन जा. नावं आणि मोबाइल नंबरांची यादी मागू नका. ती देणं त्यांना योग्य नाही आणि घेणं तुम्हाला. तुमच्या अभ्यासाची सूचना फलकावर लावा, मेळाव्यात दोन मिनिटं बोलू द्या, एवढंच मागा. ज्याला यायचं तो येईल.

माणसं कुठे भेटतात, त्यावर उत्तरं ठरतात

इथेच बहुतेक प्रबंध फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या रांगेत आजारी माणसं भेटतील. ही योजना १ एप्रिल २००३पासून माजी सैनिकांसाठी सुरू आहे, आणि रांगेत सकाळी नंबर लावून बसलेल्यांकडे वेळही असतो. म्हणून विद्यार्थी तिथेच शंभर फॉर्म भरून मोकळे होतात आणि 'माजी सैनिकांत मधुमेहाचं प्रमाण प्रचंड' असा निष्कर्ष काढतात. दवाखान्याच्या रांगेत दुसरं काय मिळणार? मिलिटरी कँटीनच्या रांगेत चालतेफिरते, खर्च करू शकणारे, कोटा घ्यायला आलेले भेटतात. मेळाव्यात पदकं लावून येतात ते संघटनेतले सक्रिय. सैनिक कल्याण कार्यालयात ज्याची पेन्शन अडली तो. या चारही ठिकाणी जो कधीच दिसत नाही तो घरात खाटेवर पडून असतो, आणि बायका तर चारही ठिकाणी नवऱ्याच्या मागे एक पाऊल उभ्या असतात.

भूगोलही बघा. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर तिथे, लष्करी रुग्णालयही तिथे. त्यामुळे चंदगड आणि गडहिंग्लजच्या बाजूचे बरेच जण कोल्हापूरच्या रांगेत येतच नाहीत. तुमचा नमुना 'जिल्ह्याचा' म्हणायचा असेल तर त्या तालुक्यांत जावं लागेल.

मला पटलेली पद्धत अशी: तीन-चार तालुक्यांतली गावं निवडा आणि गावातल्या प्रत्येक फौजी घरावर जा. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी नावातच सैनिक मिरवते, तिथे घरं भरपूर मिळतील. पण केवळ अशाच गावांत गेलात तर आधाराने भरलेली दुनिया दिसेल. जिथे अख्ख्या गावात दोनच फौजी आहेत, तिथली वीरपत्नी कशी राहते, ते राधानगरी-भुदरगडच्या एखाद्या वाडीत जाऊन विचारा.

दिवस निवडताना कॅलेंडर भिंतीवर लावा. जुलै-ऑगस्टमध्ये शिरोळ-करवीरच्या नदीकाठी पुराची धास्ती असते, २०१९ आणि २०२१ लोक विसरलेले नाहीत. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी धावत असतात, त्याच सुमाराला कारखान्यांचे बॉयलरही पेटतात. ऊस तोडणीला आलेला असताना कुणी तुम्हाला तासभर देणार नाही, आणि दिलाच तर त्याचं लक्ष ट्रॉलीकडे असेल. गौरी-गणपतीत सेवेतले जवान सुट्टीवर येतात, घरं भरलेली असतात. गप्पा छान होतात, एकांत मिळत नाही. फेब्रुवारी-मार्च बरा.

प्रश्नावली: भाषांतर पुस्तकातलं, उत्तर परड्यातलं

स्वतः प्रश्नावली रचायचा मोह आवरा. तपासलेली साधनं फुकट उपलब्ध आहेत. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, म्हणजे मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट', दहा प्रश्न, ८पासून पुढे काळजी. एकूण बरं वाटण्यासाठी 'डब्ल्यूएचओ-५', पाचच प्रश्न, बेरजेला ४ने गुणलं की शंभरपैकी गुण मिळतात. मी नवख्यांना या पाच प्रश्नांपासूनच सुरुवात करायला लावते. ते सगळे चांगल्या गोष्टींबद्दल विचारतात, त्यामुळे कुणी बिचकत नाही. पीटीएसडीसाठीची वीस प्रश्नांची पीसीएल-५ मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं माणूस सोबत असल्याशिवाय हातात घेऊ नका.

मग भाषा. 'आपणास निराश किंवा हताश वाटते का?' असं विचारलं तर सुभेदारसाहेब तुमच्याकडे असं बघतील की तुम्ही त्यांना भित्रा म्हणालात. आपल्याकडे माणूस म्हणतो, जीव लागत नाही, डोस्कं उठतंय, कशात मन रमंना, छातीत धडधडतंय. 'डिप्रेशन' हा शब्द गावात पोहोचलाय, पण त्याचा अर्थ 'वेडा झालाय' असा लावतात. अधिकृत मराठी भाषांतराला हात लावायचा नाही, गुण बिघडतात. पण प्रश्न वाचून झाल्यावर समजावून सांगायला बोलीतले शब्द आधीच लिहून ठेवा, आणि सगळे मुलाखतकार तेच शब्द वापरतील असं बघा. एक मजा सांगते. वीस वर्षं हिंदीत जगलेला माणूस मनातलं कधी कधी हिंदीतच मोकळं बोलतो. 'परेशान रहता था' हे वाक्य मराठीत आणलं की त्याला लाज वाटते. हिंदी प्रतही जवळ ठेवा.

मानसिक त्रास लपवण्यामागे फक्त मर्दपणा नाही, नोकरीची रचनाही आहे. सैन्यात वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते, त्यातलं पहिलं 'एस' मानसिक स्थितीचं, मग कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. सगळीकडे एक नंबर तो 'शेप-वन'. खालची श्रेणी लागली की बढती अडते, पोस्टिंग बदलते, 'लो मेडिकल' हा शिक्का चारचौघांत बोलला जातो. पंधरा-वीस वर्षं ज्याने हे अक्षर जपलं, तो तुमच्यासमोर पहिल्या भेटीत ते सोडणार नाही. घरी आल्यावर दुसरा पेच. अपंगत्व पेन्शनचे दावे आजार सेवेमुळे झाला की नाही यावर वर्षानुवर्षं चालतात. तुमच्या फॉर्ममधलं उत्तर त्या दाव्यात वापरलं जाईल, अशी शंका त्याला येते आणि ती चुकीची नाही. म्हणून पहिल्या मिनिटात सांगा: हा कागद पेन्शन ऑफिसला जात नाही, ईसीएचएसला जात नाही, यातून काही मिळणार नाही आणि काही जाणारही नाही. मग गप्प बसा आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

दारूच्या प्रश्नात मोजमापाची गडबड होते. 'ऑडिट'मध्ये एक 'ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या रममध्ये तेवढं साधारण ३० मिलीत येतं. म्हणजे एक 'लार्ज' ६० मिली धरली तर दोन ड्रिंक, आणि एक क्वार्टर संपवली तर सहा. "रोज दोनच पेग" असं सांगणारे काका ग्लासात बोटं ठेवून मोजतात, आणि बोटं जाड असतात. घरातलाच ग्लास मागा, पाणी ओतून दाखवायला सांगा, मापाच्या भांड्याने मोजा. हसतात, पण खरं कळतं.

झोपेचा प्रश्न विचारण्याआधी रात्रपाळी आहे का ते विचारा. आमच्या एका गटाने ते विसरून अर्धे सिक्युरिटी गार्ड निद्रानाशात टाकले होते. त्या गटाची मार्गदर्शक मीच, त्यामुळे दोष कुणाला देणार!

सोपा आणि स्वयंपाकघर

मुलाखत एकट्याची घ्यायची, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. खेड्यातल्या घरात एकांत म्हणजे काय? सोप्यावर बसलं की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण "काय मेजर, पाव्हणं कोण?" म्हणत थांबतो. (आपल्याकडे लान्स नाईकही गावात 'मेजर' होतो. फॉर्मवर हुद्दा लिहिताना डिस्चार्ज बुक बघा, गावाचं ऐकू नका.)

म्हणून दोघांनी जा, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. एकाने सोप्यावर साहेबांबरोबर बसायचं, दुसरीने आत वहिनींबरोबर. दोघांचे प्रश्न एकाच वेळी सुरू करायचे, म्हणजे कुणी कुणाची उत्तरं दुरुस्त करत नाही. मी पहिल्यांदा एकटीच गेले होते. बायकोला विचारलेल्या बावीसपैकी एकोणीस प्रश्नांची उत्तरं नवऱ्याने दिली. पाळी कधी थांबली त्याचंही.

एक अपवाद कडक पाळा. मारहाण, जबरदस्ती, संशय या विषयांवर विचारणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या सुरक्षाविषयक शिफारशी वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एका घरातल्या एकाच बाईला विचारायचं, त्याच घरातल्या पुरुषाला या विषयाचं काहीही विचारायचं नाही, बाहेर अभ्यासाचं नाव 'कुटुंबाचं आरोग्य' असं सांगायचं, आणि मधेच कुणी आलं तर लगेच दुसऱ्या विषयावर जायचं. आम्ही लोणच्याच्या पाककृतीचा कागद वर ठेवतो. सासूबाई आल्या की कैरीच्या फोडींवर चर्चा सुरू.

संबोधन आधीच ठरवा. साहेबांना हुद्द्याने हाक मारा, आवडतं. पण मग तुम्ही कनिष्ठ होता आणि ते रिपोर्ट दिल्यासारखं बोलायला लागतात: हां साहब, सब ठीक. थोड्या वेळाने 'काका' किंवा 'दादा'वर आलात तर आवाज बदलतो. बाईंना 'वहिनी', वयस्कर असतील तर 'काकू' किंवा 'आक्का'. वीरपत्नीला पहिल्या भेटीत 'वीरपत्नी' म्हणून हाक मारू नका. तो मान आहे, पण दिवसभर तोच डोक्यावर घेऊन जगणाऱ्या बाईला कुणीतरी नावाने बोलावलेलं बरं वाटतं.

काय विचारायचं? बँकेचं पासबुक कुणाकडे असतं? नवरा लांब असताना रात्री मूल तापलं तर कुणाबरोबर दवाखान्यात जायची? पोर राहण्यासाठी सुट्टीचा हिशेब करावा लागला का? जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा, त्यातच शेत, लग्नं, बारशी आणि जत्रेची म्हाईही. अनेक जोडप्यांना मूल होत नाही म्हणून बाईच्या तपासण्या सुरू होतात, पण कॅलेंडर कुणी तपासत नाही.

नवरा कायमचा घरी आल्यानंतरचं पहिलं वर्ष, यावर वेगळा भाग ठेवा. अठरा वर्षं शेत, सोसायटीचं कर्ज, पोरांचे दाखले, सासऱ्यांचं ऑपरेशन तिने एकटीने निभावलेलं असतं. चाळिशीतला नवरा येतो आणि पहाटे पाचला सगळ्यांना उठवून घर 'शिस्तीत' आणू बघतो. एका वहिनींनी मला सांगितलं, "घरात दोन सुभेदार झाले, शिपाई कुणीच न्हाई." त्या वर्षात तिचा रक्तदाब पहिल्यांदा वर गेलेला सापडला आणि त्याचं पिणं वाढलं. दोघांनाही वाटत होतं की आपण घरात नकोसे झालोय, पण ते एकमेकांना सांगितलेलं नव्हतं.

समलिंगी किंवा ट्रान्स व्यक्तींबद्दल: ३७७ कलमाचा निकाल सप्टेंबर २०१८चा, पण सैन्याची शिस्त वेगळ्या कायद्याने चालते. घरोघरच्या पाहणीत हा प्रश्न घालू नका. अशी व्यक्ती स्वतःहून तुमच्यापर्यंत आली तर गावाबाहेर, तिने निवडलेल्या जागी भेटा आणि तालुक्याचं नावही लिहू नका.

नवव्या प्रश्नाची तयारी

पीएचक्यू-९मधला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल विचारतो. तो गाळायचा नाही, आणि 'हो' आल्यावर "बरं, पुढचा प्रश्न" असंही म्हणायचं नाही. क्षेत्रात जाण्याआधीच लिहून ठेवा: 'हो' आलं तर मुलाखत थांबेल, कोण बोलेल, मार्गदर्शकांना किती मिनिटांत फोन जाईल, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कोण सोबत जाईल, गाडी कुणाची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. बाईला घरात धोका असेल तर १८१, तातडीचं असेल तर ११२. घरात परवान्याची बंदूक आहे का, हे अशा वेळी विचारायलाच हवं. माजी सैनिकांच्या घरात ती असू शकते, कारण गार्डच्या नोकरीला उपयोगी पडते.

आत्महत्येचा प्रयत्न सांगितला म्हणून पोलिस केस होईल, या भीतीने माणसं गप्प राहतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. हे त्यांना सांगा. उलट, लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याखाली तुम्हाला कळवावंच लागतं. म्हणून संमतीपत्रात 'सगळं गुप्त राहील' असं सरसकट वचन देऊ नका, ही मर्यादा आधीच लिहा.

संमतीबद्दल एक निरीक्षण. फौजी माणूस दाखवलेल्या जागी पटकन सही करतो, वाचतही नाही. ती संमती नव्हे, सवय आहे. कागद वाचून झाल्यावर विचारा, "काका, मधेच उठायचं झालं तर काय कराल?" उत्तर आलं नाही तर पुन्हा समजावा.

कागद आणि आकडे

नाव, पत्ता, युनिट, सर्व्हिस नंबर हे उत्तरांपासून वेगळ्या वहीत, कुलपात. कुठल्या चौकीवर होते, किती जण होते हे कुणी सांगायला लागलं तर अदबीने थांबवा. तुमच्या अभ्यासाला ते लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फॉर्मचा फोटो एकदाही टाकू नका. 'अमुक तालुक्यातला, अमुक युद्धात पाय गमावलेला हवालदार' एवढं लिहिलंत तर नाव न घेताही अख्खा तालुका ओळखतो. तालुका बदला, किंवा इजा बदला आणि तसं केल्याचं प्रबंधात नमूद करा.

विश्लेषणाला बसाल तेव्हा तुलनेचा गट विचारपूर्वक घ्या. सैनिक भरतीच्या वेळी निरोगी म्हणूनच निवडलेला असतो, त्यामुळे गावातल्या इतर पुरुषांपेक्षा तो धडधाकट दिसला तर ते फौजेमुळे असेलच असं नाही. मला एक युक्ती आवडते. घरी शेतीवर राहिलेला सख्खा भाऊ तुलनेला घ्या. तीच आई, तेच घर, तेच पाणी. निवडीचा फरक उरतोच, पण बराचसा गोंधळ निवळतो. बायकांसाठी दोन जावा: एक फौजीची, एक शेतकऱ्याची. दोघींचा रक्तदाब एकाच सकाळी, पाच मिनिटं बसवून, दोनदा मोजा.

हुद्दा, वय आणि शिक्षण एकमेकांत गुंतलेले असतात. सुभेदारांची झोप शिपायांपेक्षा चांगली निघाली तर पेन्शनची रक्कमही बघा. साठ-सत्तर जणांच्या अभ्यासात टक्केवारीला दशांश लावू नका, संख्या लिहा.

परत जा

प्रबंध बांधून झाला की गावात परत जायचं. हा भाग कुणीच करत नाही. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना मग त्याच गावात ऐकावं लागतं, "मागच्या खेपेला आलती ती पोरं, परत फिरकली न्हाईत."

निष्कर्ष दोनदा सांगा. एकदा चावडीवर किंवा देवळात, सगळ्यांसमोर: किती जणांना रक्तदाब, किती जण गोळ्या मधेच सोडतात, ईसीएचएस कार्डात बायकोचं नाव आहे की नाही ते कसं बघायचं. दुसऱ्यांदा फक्त बायकांना, बचत गटाच्या बैठकीत. तिथे १८१ आणि १४४१६ हे आकडे खिशात मावेल अशा कार्डावर, मागच्या बाजूला ईसीएचएसला लागणाऱ्या कागदांची यादी छापून द्या. यादीच्या बाजूने ते कार्ड देव्हाऱ्याजवळ उघड ठेवता येतं.

गेल्या खेपेला अशी बैठक संपवून एसटीची वाट बघत होते. परड्यात फेऱ्या मारणारे तेच हवालदारकाका सायकलवरून आले, पाय टेकला. "मॅडम, ते झोपेचं विचारत होता तुम्ही..." म्हणाले. एसटी आली. मी ती जाऊ दिली, पुढची पावणेसातला होती.